आजोळचं जलरंगातलं चित्र : आधी विचारायचं, मग उघडायचं

पंचवटीत आईच्या घरी हॉलमध्ये एक चित्र चाळीसहून जास्त वर्षं टांगलेलं होतं. हाफ इंपीरियल (साधारण १५ बाय २२ इंच) कागदावरचं, जलरंगातलं. समोर अंजनेरीचा डोंगर, त्याच्या अलीकडे शेतांचे तुकडे, डावीकडे विहीर, उजवीकडे कौलारू घराचा कोपरा आणि ओट्याची एक पायरी. माझ्या आईच्या वडिलांनी, नानांनी काढलेलं. नाना नाशिकला ड्रॉइंग मास्तर होते, घर मात्र त्र्यंबक रस्त्याच्या उत्तरेला, अंजनेरीसमोरच्या एका लहान गावात. ते आमचं आजोळ. वार्षिक परीक्षा संपली की सीबीएसवरून त्र्यंबकची एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि ट्रंक डोक्यावर घेतलेल्या मामामागून चालत सुटायचं. चित्रातला कोपरा दिसला की आम्ही पळायचो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आकाशाच्या भागात तपकिरी ठिपके दिसले. फ्रेमवाल्याकडे टाकून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. तसं केलं नाही, त्यामुळे चित्र वाचलं आणि त्याच्या सोबतीचं बरंच काही हाती लागलं. नाशिकमध्ये अशी चित्रं घरोघरी आहेत. बाहेर बसून जलरंग करण्याची इथली परंपरा जुनी आहे. चित्रकार शिवाजी तुप्यांनी इथले घाट आणि वाडे रंगवले, आणि कितीतरी शाळांतल्या ड्रॉइंग मास्तरांनी सुट्टीत आपापलं गाव रंगवलं. तुमच्याकडेही असं चित्र असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. हे सगळं कागदावरच्या जलरंगाबद्दल आहे, कॅनव्हासवरच्या तैलरंगाला यातलं फारसं लागू होत नाही.

आधी माणसं

चित्र खाली उतरवण्याआधी ज्यांनी ते गाव पाहिलंय त्यांना विचारून घ्या. कागद अजून सहा महिने थांबेल. ऐंशी वर्षांच्या मावशीचं तसं सांगता येत नाही.

मी पहिल्यांदा चुकले ती इथेच. आई, मावशी आणि मामा यांना एकत्र बसवलं. मावशीने एकदा ‘मे महिन्यातलं चित्र आहे’ म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि तासभर सगळे मावशीच्याच आठवणीत फिरत राहिले. म्हणून एकेकाला वेगवेगळं बसवा. दुपारचा चहा झाल्यावर, चित्र समोर ठेवून, अर्धा तास. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव बोलून ठेवा. व्हिडिओचा आग्रह धरू नका, कॅमेरा समोर आला की आमच्या पिढीच्या वरची माणसं सावरून बसतात आणि सभेत बोलल्यासारखं बोलतात.

‘तुला काय आठवतं?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला ‘खूप मजा यायची’ एवढंच उत्तर येतं. चित्रातल्या एका जागेवर बोट ठेवा आणि तिथूनच विचारा. या पायरीवर कोण बसायचं? या दारातून आत गेलं की उजव्या हाताला काय होतं? विहिरीला रहाट होता की नुसता दोर? मी पायरीवर बोट ठेवलं आणि आई म्हणाली, ‘तिथे आई नागली पाखडायची. आणि नाना म्हणायचे, जरा पलीकडे सरक, तुझा कोंडा माझ्या ओल्या आकाशावर बसतोय.’ पन्नास वर्षांत हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यामागून चुलीवरच्या नागलीच्या भाकरीचा वास आला, कुळदाचं पिठलं आलं, करवंदांनी काळे झालेले हात आले.

चित्रात नसलेल्या गोष्टींबद्दलही विचारा. कागदाच्या डाव्या कडेपलीकडे काय होतं? नानांची पाठ कुठल्या बाजूला होती? आमच्याकडे डावीकडे गोठा निघाला, आणि गोठ्यावरून आईचं आणि मावशीचं पटेना. दोघींचं म्हणणं तसंच ठेवा. कोण बरोबर हे त्याच दिवशी ठरवायला गेलात तर एकजण बोलायचं थांबवेल.

भिंतीवर असतानाच

आधी आहे तसे फोटो काढा, पुढून आणि मागून. मागची बाजू फार महत्त्वाची. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं काही असतं, फ्रेमवाल्याचं लेबल असतं, कधी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला असतो. लेबलवर पत्त्यात पिनकोड असेल तर ती फ्रेम १९७२ च्या ऑगस्टनंतरची, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाले. आमच्या लेबलवर ४२२ ००१ होतं. फोन नंबरात किती आकडे आहेत तेही पाहा. मात्र यातून फ्रेमचं वय कळतं. चित्र तिच्याआधी किती वर्षं गुंडाळून पडलं होतं ते लेबल सांगत नाही.

फ्रेम उघडताना

कोरडा दिवस निवडा, आषाढ-श्रावणात हे काम काढू नका. जेवणाच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर पसरा, पंखा बंद करा, पाण्याचे ग्लास आणि चहाचे कप दुसऱ्या खोलीत ठेवा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावू नका. सोबत दुसरा माणूस हवाच.

फ्रेम पालथी घालून मागचा ब्राउन टेप कटरने कडेकडेने कापा. हार्डबोर्ड धरून ठेवणाऱ्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, पकडीने सरळ वर ओढा. त्या गंजलेल्या असतात आणि त्यांच्या गंजाचे डाग कागदावर उतरतात, म्हणून प्रत्येक चूक वाटीत टाका आणि शेवटी मोजा. मग हार्डबोर्ड उचला. पाठीला हार्डबोर्डऐवजी लाकडी फळ्या असतील तर फळ्यांच्या फटींच्या रेघा कागदावर तपकिरी उमटलेल्या दिसतील. लाकडातून आणि हार्डबोर्डमधून वर्षानुवर्षं आम्ल सुटत असतं, ते कागदाला आतून भाजतं. साध्या माउंटचं, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याचंही तेच. खिडकीची तिरकी कड पांढऱ्याची तपकिरी झाली असेल तर तिच्याखालच्या कागदावरही तशीच चौकट उठलेली असते.

आता दोन ठिकाणी थांबायचं. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका. रंग काचेवर राहील आणि कागद हातात येईल. चित्र पूर्णपणे पुठ्ठ्यावर डकवलेलं असेल तर सोलायला जाऊ नका. दोन्ही कामं कागदाच्या जतनतज्ज्ञाची आहेत. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथून चौकशी सुरू करता येते. तोवर फ्रेम आडवी, चित्र वर तोंड करून ठेवा.

चित्र सुटं निघालं तर माउंटला कुठे चिकटवलंय ते बघा. आमच्याकडे वर दोन ठिकाणी सेलोटेप होता, कोरडा पडून आपोआप सुटलेला, खाली तेलकट पिवळा डाग सोडून. तो डाग घरी निघत नाही. तो राहू द्या.

काय काय दिसतं त्याची नोंद करा. विखुरलेले तपकिरी ठिपके बुरशीमुळे किंवा कागदातल्या लोहाच्या कणांमुळे येतात, आणि ओल त्यांना वाढवते. कागदाचा वरचा पापुद्रा वेडावाकडा खरवडल्यासारखा दिसत असेल तर ती कसर, कागद खाणारी कीड. तिला कागदावरची खळ आणि सरस आवडतो. मऊ, कापसासारखी, बोटाला लागेल अशी बुरशी असेल तर ती जिवंत आहे: तोंडाला मास्क लावा, चित्र इतर कागदांपासून वेगळं, हवेशीर, सावलीच्या कोरड्या खोलीत ठेवा आणि लगेच पुसू नका, पुसल्याने ती कागदात घुसते.

स्वच्छता म्हणाल तर घरी करण्यासारखं फार थोडं आहे. रुंद, मऊ केसांचा कोरडा ब्रश पाठीवरून आणि कोऱ्या समासावरून हलक्या हाताने बाहेरच्या दिशेने फिरवा, बस. रंगावर ब्रश नको, खोडरबर नको, ओलं फडकं तर अजिबात नको. ब्रेडच्या तुकड्याने चित्र पुसण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. कागदात अडकलेले कण कसरीला आमंत्रण देतात. जलरंग पाण्यात परत विरघळतो, त्यामुळे ‘थोडंसं ओलं’ असं काही नसतं. वार्निश मारू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. आमच्याच नात्यातलं एक चित्र एका दुकानातून लॅमिनेट होऊन आलं. उष्णतेने वितळवलेलं प्लास्टिक कागदात शिरलेलं असतं, ते चित्राला धक्का न लावता परत काढता येत नाही. त्या चित्राचा आता फक्त फोटो उरलाय असंच समजायचं.

गोदाकाठच्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. १९६९ चा किंवा २००८ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना हे माहीत आहे. चित्र भिजलंच तर उन्हात टाकू नका, इस्त्री लावू नका. पाण्यातून आडवं, खाली आधार देऊन उचला, पांढऱ्या टीपकागदावर सपाट ठेवा आणि खालचा टीपकागद बदलत राहा, वर काही दाबू नका. दोन दिवसांच्या आत कोरडं व्हायला हवं, त्यानंतर बुरशी धरते.

माउंटखालची पट्टी

आता माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा क्षण. माउंट उचललं की त्याच्या खिडकीखाली झाकलेली चित्राची पाव इंचाची कड उघडी पडते. तिला फ्रेम झाल्यापासून उजेड लागलेला नसतो. तुमच्या चित्राचे खरे रंग तिथे आहेत.

आमचं चित्र आम्हाला कायम निळसर-राखाडी वाटायचं. डोंगर निळा, शेतं फिकट मातकट. उन्हाळ्यातली धूसर हवा, असंच सगळे म्हणायचे. पट्टी उघडली तर तिथे शेत पिवळंधमक होतं आणि डोंगराचा पायथा हिरवा.

असं होतं, कारण सगळे रंग सारखे टिकत नाहीत. पिवळी माती आणि भाजकी सिएना यांसारखे मातीचे रंग शतकानुशतकं टिकतात. गॅम्बोजसारखा झाडाच्या डिंकापासून केलेला पिवळा आणि अलिझरिन क्रिमझनसारखा लाल उजेडात उडून जातो. जुना हूकर्स ग्रीन तर प्रशियन ब्लू आणि गॅम्बोज मिसळूनच केलेला असायचा. त्यातला पिवळा उडाला की झाडं निळी होतात. म्हणून जुन्या जलरंगातली निळी झाडं पाहून लगेच ‘चित्रकाराला तसं दिसलं’ म्हणू नका. आधी कड बघा. या पट्टीचा जवळून, नैसर्गिक उजेडात फोटो काढा. आणि नवीन माउंट करताना ती परत झाकली जाईल असं बघा, ती तुमची साक्षीदार आहे.

चित्राला महिना विचारणं

पट्टीने आमच्या मे महिन्याला धक्का दिला, म्हणून मी चित्राकडे नीट बघायला लागले. यासाठी चित्रकलेचं शिक्षण लागत नाही.

आधी जागा आणि दिशा पक्की करा. डोंगराची आकाशरेषा बदलत नाही. गूगल अर्थमध्ये गावाच्या जागी जाऊन जमिनीच्या पातळीवरून डोंगराकडे बघा आणि चित्रातली रेषा जुळवा. अंजनेरीचा लांबट सपाट माथा आणि कडा चित्राशी जुळला, आणि नाना दक्षिणेकडे तोंड करून बसले होते हे नक्की झालं.

मग सावल्या. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण २० मेला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तिथून जुलैच्या चोवीस तारखेच्या आसपासपर्यंत तो दुपारीही उत्तरेकडेच असतो. मेमध्ये सकाळी सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, त्यामुळे दक्षिणेकडे बघणाऱ्या माणसाला सकाळच्या सावल्या उजवीकडे आणि आपल्यापासून किंचित दूर जाताना दिसतात. दिवाळीनंतर सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, म्हणून त्याच जागेवर सावल्या उजवीकडे आणि बघणाऱ्याच्या दिशेने येतात. नानांच्या चित्रात विहिरीच्या कठड्याची सावली आमच्याकडे येत होती.

झाडंही बोलतात. पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतील तर माघ-फाल्गुन. बहावा किंवा गुलमोहोर असेल तर उन्हाळा. आंब्यावर तांबूस मोहोर असेल तर पौष-माघ. डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत असतील तर पावसाळा. आमच्या चित्रातलं पिवळं शेत म्हणजे कापणीला आलेला भात. त्र्यंबकच्या बाजूला तो दिवाळीच्या आगेमागे पिकतो.

वर्ष काढायला माणसांनी केलेल्या गोष्टी बघा: विजेचे खांब, छपरावर नळीची कौलं की मंगळुरी की पत्रा, रस्ता कच्चा की डांबरी. आमच्या चित्रात खांब नाही. मामाच्या हिशेबाने गावात वीज आली तेव्हा मी चौथीत होते, म्हणजे चित्र त्याआधीचं. चित्र गोदाघाटाचं असेल तर काम सोपं आहे. दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं मंदिर, पूल आणि पायऱ्या यांची जुनी छायाचित्रं भरपूर आहेत, त्यांच्याशी ताडून बघा.

हे सगळं घेऊन मी मावशीकडे गेले नाही, आधी आईकडे गेले. तिने सावलीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘दिवाळीला आम्ही फक्त एकदाच गेलो होतो. माझ्या आजीचं सुतक होतं. म्हणून फराळ नव्हता, म्हणून तुमच्या कुणाच्या लक्षात नाही.’ मेच्या अनेक सुट्ट्यांखाली ती एक दिवाळी दबून गेली होती. मावशीची आठवण खोटी नव्हती, ती तिथे खरंच दर मेला असायची. दोन्ही लिहून ठेवलं.

प्रत काढणं

चित्र काचेबाहेर आहे तोवरच प्रत करा. ढगाळ सकाळी उत्तरेच्या खिडकीजवळ, चित्र उभं टेकवून, समोरच्या बाजूला पांढरी चादर धरून. फोन चित्राला अगदी समांतर, स्क्रीनवर जाळीच्या रेघा चालू, जवळ न जाता दुपटीची लेन्स. फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद. कडेला मोजपट्टी ठेवून एक फोटो काढा म्हणजे माप राहतं. चित्र स्कॅनरच्या काचेवर मावत असेल तर ६०० डीपीआय. कागद आत ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका. मूळ फाइलमध्ये रंग सुधारू नका. सुधारायचे तर दुसऱ्या प्रतीत.

या प्रतीचा एक मोठा उपयोग आहे. चित्र एक आणि भावंडं चार, हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईने चांगली छापील प्रत काढली तर ती चारही घरांत लागू शकते, उन्हाच्या भिंतीवरसुद्धा. मूळ चित्र ज्याच्याकडे सर्वांत कोरडी खोली आहे त्याच्याकडे.

फ्रेमवाल्याला काय सांगायचं

हे कागदावर लिहून न्या. ॲसिड-फ्री, शक्य तर कॉटन रॅगचा माउंट आणि पाठीलाही तोच बोर्ड. चित्र आणि काच यांच्यात माउंटच्या जाडीची जागा हवी. काच अतिनील किरण अडवणारी मिळाली तर घ्या. फेव्हिकॉल नको, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप नको, चित्र कापून मापात बसवणं नको. आमच्या फ्रेमवाल्याने सगळं ऐकून घेतलं, पण चिकटवण्याचं काम मी स्वतः केलं.

चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) बोटभर पट्ट्यांनी लटकवायचं. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी डकवला तर तो लाटांसारखा वर येतो. खळ गव्हाच्या सत्त्वाची करा, कणकेची किंवा मैद्याची नाही. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ढवळत राहायचं, पारदर्शक झाली की गार करून गाळायची आणि त्याच दिवशी वापरायची. पुस्तक बांधणीवाले खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालतात, कीड लागू नये म्हणून. चित्रासाठी ते घालू नका, तांब्याने कागद लवकर कुजतो. ही खळ पुढे कुणालाही ओलावा देऊन सोडवता येते.

कुठली भिंत

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, त्र्यंबकला दोन हजारांच्या वर, इगतपुरीला तीन हजारांच्या वर. तुमचं घर यातल्या कुठल्या पट्ट्यात आहे त्यावर भिंत ठरवा. पावसाचा मार खाणारी बाहेरची भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली नको, समई आणि उदबत्तीची काजळी जिथे जाते ती देवघराची नको. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. छोटा आर्द्रतामापक जवळ ठेवा, ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं तर उत्तम.

उजेडाने गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालयं जलरंगावर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, घरच्या मानाने ती संध्याकाळच झाली. आम्ही मूळ चित्र दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत लावतो, बाकीचे महिने ते कपाटात, आडवं, ॲसिड-फ्री कागदात. कपाटात वेखंडाची पुरचुंडी असते, पण चित्राला टेकलेली नाही. दसऱ्याच्या साफसफाईत ते बाहेर येतं तेव्हा पाठ आणि कडा तपासून होतात.

पाकीट

फ्रेमच्या मागच्या बोर्डवर मऊ पेन्सिलीने लिहा: कोणी काढलं, कुठून, कुठल्या दिशेला बघत, कधी उघडलं. बॉलपेन नको. बाकीचं एका पाकिटात: जुनं लेबल, पट्टीचा फोटो, रेकॉर्डिंगची लिहून काढलेली पानं, प्रत्येकावर सांगणाऱ्याचं नाव. आवाजाच्या फाइली तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या घरात.

आणि जमलं तर त्या जागी जा, छापील प्रत घेऊन. आम्ही गेल्या कार्तिकात गेलो. घरावर आता पत्रा आहे, ओटा सिमेंटचा झालाय. आईला खुर्ची ठेवली ती चार वेळा सरकवावी लागली. शेवटी तिने प्रत मांडीवर उभी धरली, डोंगराची रेषा कागदावरून सरळ डोंगरावर गेली, आणि कागदाच्या डाव्या कडेच्या बाहेर गोठ्याची जोती दिसली. मावशीने सांगितली होती बरोबर तिथे. विहिरीचा मात्र घोळ आहे. चित्रात रहाट नाही आणि आई म्हणते होता. पाकिटात त्यासाठी एक पान कोरं ठेवलंय. मामा पुढच्या महिन्यात पुण्याहून येतोय, त्याला विहिरीवर बोट ठेवून विचारायचंय.